कोट घातलेला कोल्हा मुखवटा घातलेला माणूस का दिसतो?

टाकदौत
नमस्कार मंडळी. एका पानाचं व्यंगचित्र आहे, फक्त काळ्या शाईत. विषय न्यायालय. वकील कोल्हा, अशील म्हणून दोन मेंढ्या, न्यायाधीश घुबड. कच्च्या रेखाटनात सगळे बरे दिसतात. शाई चढली की कोल्ह्याचा कोल्हेपणा जातो आणि कोणीतरी मुखवटा चढवून उभं आहे असं वाटायला लागतं. मान कॉलरीत शिरते तिथेच गोची आहे असा संशय आहे. पँट घातली की पाय माणसाचे होतात आणि शेपूट डिंकाने चिकटवल्यासारखी दिसते. चूक शरीररचनेची, कपड्यांची की शाईची? आणि मुळात असल्या चित्रात प्राणी किती ठेवायचा आणि माणूस किती?

खोडरबर
शेपूट काढूनच टाका. वकिलांना नसते. दिसत तरी नाही.

वक्ररेषा
चूक मानेचीच आहे, पण कॉलरीच्या बरीच आधी सुरू झालेली.

माणसाची कवटी मणक्यावर वरून ठेवलेली असते. चार पायांच्या प्राण्याची कवटी मणक्याला मागून जोडलेली असते. म्हणजे कोल्ह्याला नुसता उभा केला तर तो आभाळाकडे बघेल. आपण काय करतो, तर त्याचं डोकं उचलून माणसाच्या मानेवर ठेवतो. झाला मुखवटा! त्याऐवजी मान खांद्यांच्या *वर* न काढता खांद्यांच्या *पुढे* काढा, आणि कवटीच्या लगेच मागे तिला काटकोनात वळवा. जबड्याखाली एक घडी पडेल, मानेवर मागे केसांचा फुगवटा येईल. कॉलर आडवी नको. मागे उंच आणि पुढे खाली, अशी उतरती हवी. निम्मं काम तिथेच होतं.

दुसरं, कॉलरबोन. घोड्याला ते नसतंच, कुत्र्या-कोल्ह्यांत नावापुरतं असतं, मांजरात एक छोटा तुकडा स्नायूंत तरंगत असतो. खवाटे, म्हणजे खांद्याची पाती, छातीच्या दोन्ही बाजूंना, छाती खोल पण अरुंद. त्यामुळे कोट टांगायला खांदाच नाही. तुम्ही रुंद खांदे काढले असतील तर धड माणसाचं झालंच म्हणून समजा. माकड आणि खार यांना मात्र व्यवस्थित कॉलरबोन असतं, म्हणून त्यांना कोट फार खटपट न करता बसतो.

तिसरं, पाय. कोल्हा बोटांवर चालतो. मागच्या पायाचा जो गुडघा उलटा वाकलेला वाटतो ती टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ. मांडी, नडगी आणि टाचेपासून बोटांपर्यंतचं पाऊल, हे ढोबळमानाने सारखे तीन तुकडे धरा. पँट टाचेपाशी संपवा आणि खालचं लांब पाऊल उघडं ठेवा. बूट घातलात की लांबी लपते, आणि लांबी लपली की प्राणीही लपतो.

प्रमाणाचंही बघा. माणूस साधारण साडेसात डोकी उंच काढतात. मुस्कट असलेल्या डोक्याला तेवढी उंची दिली तर डोकं इवलंसं दिसतं. पाच ते साडेपाचवर थांबा.

शिळाप्रेस
वक्ररेषा, शरीररचना बिनचूक. निष्कर्ष मान्य नाही.

फ्रेंच व्यंगचित्रकार ग्रांव्हिलने (जन्म नान्सी १८०३, मृत्यू १८४७) १८२८-२९ मध्ये शिळाछापावर (दगडावर काढून छापायची पद्धत, लिथोग्राफी) सत्तरच्या आसपास रंगीत चित्रांची जी मालिका काढली, तिच्यात हेच केलंय. खाली अख्खा माणूस, हात माणसाचे, खांदे माणसाचे, वर नुसतं डोकं प्राण्याचं. तुमच्या हिशोबाने सगळे मुखवटेच. तरी पॅरिस त्या चित्रांवर तुटून पडलं. कारण तिथे गंमत कपड्यात आणि उभं राहण्यात आहे. टाचा जुळवून कमरेत किती वाकायचं, टोपी कुठल्या हातात धरायची, पाहुण्याला खुर्ची देताना पाठ किती फिरवायची, हे सगळं माणसाच्या शरीरालाच जमतं. उलट्या गुडघ्याचा कोल्हा मुजरा करू शकत नाही.

मुखवटा दिसतो तो डोकं धडाशी *बोलत* नसतं म्हणून. धड लाचार आणि डोकं निर्विकार असेल तर लगेच कळतं की दोन वेगळी चित्रं जोडलीत.

वक्ररेषा
त्याच ग्रांव्हिलने १८४०-४२ च्या पुस्तकात, म्हणजे प्रकाशक हेत्झेलने काढलेल्या, प्राण्यांची धडं कितीतरी ठिकाणी प्राण्यांचीच ठेवलीत. दहा-बारा वर्षांत त्याचं मत बदललं असेल, तर तुमचंही बदलेल अशी आशा ठेवतो.

शिळाप्रेस
तिथे काम बदललं होतं. ती प्राण्यांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या गोष्टींची चित्रं होती, दिवाणखान्यातल्या माणसांची टिंगल नव्हे. टाकदौत यांचं न्यायालय पहिल्या जातीचं आहे. असो, आशा ठेवायला हरकत नाही.

मुंढा_बाही
दोघेही शिंप्याला विचारत नाहीत, म्हणून भांडताय.

कोल्ह्याचा पुढचा पाय छातीच्या पुढे लोंबतो. माणसाच्या मापाचा कोट चढवला की मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, चुकीच्या जागी येतो. पाठीवर कापड ताणलं जातं आणि तिथे आडव्या सुरकुत्या पडतात. पुढे कापड ढिलं पडून उभ्या चुण्या येतात. छातीचं हाड नावेच्या तळासारखं पुढे आलेलं असल्याने मधल्या बटणापाशी दोन पाती फाकतात. या तीन गोष्टी काढल्या तर धड माणसाचं आहे की कोल्ह्याचं हा वादच राहत नाही. कोटच सांगतो की आत माणूस नाही.

सुरकुती नेहमी दोन ताणांच्या मधे पडते. एक टोक बटण, दुसरं काख. हवेत सुरू होऊन हवेत संपणारी सुरकुती म्हणजे नुसती रेघोटी.

आता शेपूट. तिचं मूळ पँटच्या पट्ट्याच्या जरासं खाली येतं, पार्श्वभागाच्या मध्यावर नाही. तिथून चारी बाजूंना ताणाच्या बारीक चुण्या काढा. कोटाला मागे चीर असेल तर शेपटीने तिची दोन पाती बाजूला सारलेली दाखवा. या चुण्या नसल्या की शेपूट चिकटवलेली दिसते. टाकदौत यांच्या चित्रात नेमकं हेच होत असणार. आणि कोल्ह्याची शेपूट झुपकेदार, वजनदार. ती मागे आली की धड थोडं पुढे झुकलंच पाहिजे.

खोडरबर
कोट सांगतो की आत माणूस नाही. हे वाक्य बऱ्याच ठिकाणी टांगता येईल.

ओला_बोरू
शाईचं राहिलं, ते मी घेतो.

नवीन निबवर तेलकट थर असतो. साबणाच्या पाण्याने पुसल्याशिवाय शाई थेंबाथेंबाने सुटते. कागद गुळगुळीत हवा. दाणेदार कागदावर टोकदार निब अडकते आणि केसांच्या रेघा तुटतात.

मुखवट्याचा भास शाईनंतर वाढतो, याचं कारण बहुतेक वेळा सलग बाह्यरेषा. पेन्सिलीत कडा धूसर असतात. शाईत आपण कॉलरीची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढतो आणि डोकं धडापासून कापून मोकळे होतो. आधी मानेची लव काढा. प्रत्येक रेघ मुळाशी दाबून टोकाला उचला, केस वाढतात त्याच दिशेने. यातल्या काही रेघा कॉलरीच्या जागेवर तीन-चार मिलिमीटर येऊ द्या. मग कॉलर काढा, पण केस आडवे आले तिथे रेघ सोडा. कॉलर केसांत बुडालेली दिसते.

लव आणि कापड एकाच हाताने काढू नका. लवेला आखूड, सुटी रेघ. कापडाला लांब रेघ, चुणीला आडवी. वकिलाचा कोट काळाच असणार, तर तो सरळ भरून टाका आणि चुण्यांच्या जागी बारीक पांढऱ्या रेघा राखून ठेवा. काळा कोट आणि गडद लव यांच्यामधे मिलिमीटरभर पांढरं सोडा, नाहीतर छापल्यावर एकच डाग होतो.

मूळ चित्र छपाईच्या दीडपट काढा. पण छापताना दोन तृतीयांश आकाराचं झाल्यावर ०.३ मिमीचं अंतर ०.२ मिमी उरतं आणि दाट जाळी बुजते. म्हणून छायेच्या रेघा ओढण्यापूर्वी कच्चं चित्र छपाईच्या मापात लहान करून एकदा बघा. स्कॅन करताना छापायच्या आकाराला ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके) हे किमान समजा. शुद्ध काळं-पांढरं ठेवायचं असेल तर १२००.

उंटावरचा
बाकी सगळं ठीक, पण न्यायाधीश घुबड का? घुबड शहाणं कधीपासून झालं? आपल्याकडे घुबडासारखा बसलाय म्हणतात तेव्हा कोणी कौतुक करत नसतं. हे चष्मेवालं विद्वान घुबड पाश्चात्त्य चित्रांतून उडत आलेलं आहे.

पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात सगळे पक्षी मिळून घुबडाला राजा करायला निघतात. कावळा येऊन म्हणतो, रागावलेला नसताना याचं तोंड असं, तर रागावल्यावर कसं दिसेल? अभिषेक बारगळतो. म्हणजे आपल्या परंपरेत घुबडाची नेमणूक पहिल्याच फेरीत रद्द झालेली आहे.

वक्ररेषा
हाहा. घुबडाच्या बाजूने एकच मुद्दा: त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत म्हणून ते अख्खं डोकं फिरवतं, २७० अंशांपर्यंत. धड अशिलाकडे आणि तोंड पाठीमागच्या भिंतीकडे, असा न्यायाधीश दुसऱ्या कुठल्या प्राण्यात मिळणार नाही.

कपिलाषष्ठी
उंटावरचा यांनी तिसरं तंत्र काढलंच आहे, तर त्यातच पुढची गोष्ट बघा. ससा आणि कपिंजल पक्षी बिळावरून भांडतात आणि निवाड्यासाठी दधिकर्ण नावाच्या मांजराकडे जातात. मांजर नदीकाठी तप करत उभं. म्हणतं, म्हातारा झालो, लांबून ऐकू येत नाही, जवळ येऊन सांगा. जवळ आले. निकाल लागला, अपील नाही.

टाकदौत, तुमचा न्यायाधीश तयार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. सगळे कपड्यांवर भांडताय, पण या मांजराच्या जातीचं सगळ्यात जबरदस्त चित्र दगडात आहे आणि त्याच्या अंगावर चिंधी नाही. महाबलीपुरमचा तो प्रचंड शिल्पपट, सातवं शतक, पल्लव काळ. वर एक तपस्वी एका पायावर, हात डोक्यावर उंचावून उभा. खाली एक मांजर मागच्या पायांवर, पुढचे पंजे तसेच वर करून. पायाशी उंदीर. मांजर पूर्ण मांजर आहे, माणसाची घेतलीय ती फक्त ढब. आणि तीही तिथेच वर कोरलेल्या माणसाची, त्यामुळे बघणाऱ्याला नक्कल ओळखायला वेळ लागत नाही.

जपानमध्ये क्योतोच्या कोझान-जी मठाच्या चित्रांच्या गुंडाळ्या तशाच. पहिली गुंडाळी बाराव्या शतकातली, अकरा मीटरहून लांब, नुसती शाई, मजकूर एका अक्षराचा नाही. बेडूक सशाचा कान चावून त्याला कुस्तीत लोळवतो. दुसरीकडे एक बेडूक बुद्धासारखा आसनावर बसलाय आणि समोर माकड भिक्षूच्या वस्त्रात पोथी म्हणतंय. बहुतेक प्राणी उघडेच. कपडे फक्त ज्याचा हुद्दा दाखवायचाय त्याला. कोलकात्याच्या कालीघाटच्या पटांतलं मांजरही बघा, तोंडात कोळंबी आणि कपाळावर टिळा. तेवढ्या टिळ्यावर ढोंगी वैष्णव उभा राहतो.

म्हणून माझं म्हणणं: कोल्ह्याला पँट कशाला? काळा कोट आणि गळ्यात पांढरे बँड, बास. पायांचा प्रश्नच मिटला.

शिळाप्रेस
हे पटलं. माझ्या मुद्द्याला सोयीचं आहे म्हणून नव्हे. बरं, थोडं म्हणून.

मुंढा_बाही
पँट काढल्याने शिंप्याचं नुकसान, पण चित्राचा फायदा. कोट मात्र गुडघ्यापर्यंत लांब ठेवा, नाहीतर अर्धवट कपडे घातलेला वकील हा वेगळाच विनोद होईल.

जुनाअंक
एक गोष्ट कोणी काढली नाही. प्राणी ही नुसती शैली नव्हती, ती पळवाटही होती.

फ्रान्समध्ये जुलै १८३५ मध्ये राजावर फिएस्कीचा हल्ला झाला आणि सप्टेंबरमध्ये कायदा आला: चित्र छापण्यापूर्वी परवानगी. लेखाला नाही, चित्राला. कारण चित्र न वाचताही कळतं. राजकीय व्यंगचित्रं थंडावली आणि ग्रांव्हिल पुस्तकांच्या चित्रांकडे वळला. जपानमध्ये १८४२ मध्ये नट आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी आली, तर ठसेचित्रं काढणाऱ्या कुनियोशीने मांजरं काढली. मांजरांच्या तोंडावर नटांचे चेहरे. अधिकाऱ्याने विचारलं तर ही मांजरं आहेत.

पण यातून टाकदौत यांच्या प्रश्नाचंही उत्तर निघतं. पळवाट म्हणून काढलेल्या प्राण्यात खरा माणूस ओळखू यावाच लागतो, म्हणून तिथे चेहरा माणसाकडे झुकतो. अर्कचित्रच ते. तुमच्या न्यायालयात कोणी विशिष्ट वकील नाही, वृत्ती आहे. मग चेहऱ्यात माणूस मिसळायची गरज काय?

उंटावरचा
अवांतर: अमेरिकन व्यंगचित्रकार थॉमस नास्टचा १८७४ चा हत्ती (रिपब्लिकन पक्षाचा) सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच चित्रात गाढवाने सिंहाचं कातडं पांघरलंय. आपलं पंचतंत्रातलं वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव त्याचा चुलतभाऊ म्हणायचा. प्राण्याला प्राण्याचेच कपडे. शिंप्याची गरज नाही, मुंढा_बाही यांनी हलके घ्यावे.

नीरक्षीर
इतका वेळ वाचत होते. तंत्र छान, पण कुणाला कोणता प्राणी द्यायचा यावर कोणी बोललं नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकात आयरिश बंडखोर सर्रास वानरासारखे काढले जात, टेनिएलसारख्या कसलेल्या हातानेही. रेघ उत्तम, अंतरी विष. १८७१ मध्ये डार्विनच्या दाढीखाली ओरांगउटानचं धड लावलं गेलं, तो मात्र त्याच्या पुस्तकाला मारलेला टोला होता. दोन्हीकडे वानरच, तरी दोन्ही सारखी नाहीत.

एक साधी चाचणी करता येते: पात्राने खुर्ची सोडली तर प्राणी बदलतो का? वकिली सोडली की कोल्हेपण सुटत असेल तर टीका धंद्यावर आहे. जन्माने चिकटलेलं असेल तर ते व्यंगचित्र नाही, शिवी आहे.

खोडरबर
मग मेंढ्यांचं काय? त्या अशील आहेत. खटला संपला तरी मेंढ्याच राहणार.

नीरक्षीर
हा मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. पण मेंढ्यांना बावळट काढायचं की नाही हे चित्रकाराच्या हातात असतं. डोळ्यापासून सुरुवात करा. मेंढीची बाहुली आडवी असते आणि तिने मान खाली घातली तरी जमिनीला समांतर राहते, कारण बुबुळ फिरतं. चारी बाजूंना नजर ठेवणारा डोळा आहे तो. टपोरे गोल डोळे काढले की बावळटपणा आपणच घालतो.

वक्ररेषा
+१. डोळ्याचं निघालंच आहे तर: कोल्ह्याची बाहुली मांजरासारखी उभी चीर असते, गोल काढली की कुत्रा होतो. आणि बाहुलीभोवती पांढरं दाखवू नका. पांढरं दिसलं की नजर माणसाची झाली. भुवयाही नकोत, ओठांची टोकंही वर उचलू नका. भाव सगळा कानांना द्या. घोडा चिडला की कान मागे चिकटवतो, मांजर वैतागलं की आडवे पाडतं. चेहरा सभ्य आणि कान खरे बोलणारे, याच्याइतका स्वस्त आणि चोख विनोद नाही.

शिळाप्रेस
जुन्या छापील चित्रांवरून कोट शिकणाऱ्यांसाठी एक सूचना. शिळाछाप असो की लाकडी ठोकळा, ठसा उलटा उमटतो. चित्रकार उलटं काढायला विसरला की छापल्यावर पुरुषाच्या कोटाचं उजवं पातं डाव्यावर येतं आणि तलवार उजव्या कमरेला जाते. ते बघून तुम्ही तसाच कोट काढला तर दीडशे वर्षांपूर्वीची चूक इमानाने पुढे चालवाल. ठोकळ्यावरच्या चित्रात रेघ कोरक्याची असते हेही ध्यानात ठेवा. बॉक्सवुडच्या आडव्या कापावर कोरणीने *पांढरं* काढत जायचं, काळं उरतं. त्या रेघेची नक्कल निबने केली की ती कडक दिसते.

टाकदौत
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री नवं रेखाटन केलं, फरक असे:

कोल्ह्याची मान पुढे आणली, डोकं मोठं केलं, आता सव्वापाच डोकी उंची. पँट गेली. कोट गुडघ्यापर्यंत, चिरेतून शेपूट, तिच्या मुळाशी चुण्या. मधल्या बटणापाशी पाती फाकवली. कोल्हा आता कोल्हा दिसतो. शिळाप्रेस, मुजरा खरंच करत नाही, पण पुढे झुकल्यामुळे आपोआपच लाचार वाटतोय, तो शेपटीचा उपकार. डाव्या मेंढीचा डोळा आता थेट वकिलाच्या खिशावर आहे.

घुबडाची बदली झाली. खुर्चीवर मांजर. अंगावर काही नाही, फक्त गळ्यात बँड. एकच अडचण: म्हातारं, ऐकू न येणारं मांजर दाखवायचंय. एक पंजा कानामागे धरलाय. पण मग दुसऱ्या कानाचं काय करू? आडवा पाडू?

कपिलाषष्ठी
अजिबात नाही. दुसरा कान ताठ, आणि थेट मेंढ्यांकडे वळलेला.

खोडरबर
आणि मांजराची शेपूट?

वक्ररेषा
टेबलाखालून बाहेर. फक्त टोक हलतंय असं दाखवा, दोन छोट्या कंसांनी.

मुंढा_बाही
बँडची गाठ मागे बांधलेली असते हो, मांजराला स्वतःची स्वतःला बांधता येणार नाही. ती कोल्ह्याने बांधून दिली असणार. एक टोक कोल्ह्याच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालाच्याच कापडाचं काढा.